बिअरचं सोवळं

महाराष्ट्रातून बेंगळुरूला येणाऱ्या माणसाला इथल्या पबात पहिला धक्का बसतो तो उजेडाचा. आपल्याकडे पिण्याची जागा म्हणजे परमिट रूम आणि परमिट रूम म्हणजे अंधार. काचांना काळी फिल्म, दाराला जाड पडदा, आत एखादा तांबडा दिवा आणि समोर बसलेला इसम आपला साहेब आहे की सख्खा चुलता, हे दोघांपैकी कुणालाच कळू नये इतपत प्रकाश. यात वीज वाचवण्याचा हेतू नसतो, दोन्ही घरांची अब्रू वाचवण्याचा असतो. इथे इंदिरानगरच्या हंड्रेड फीट रोडवर ‘टॉइट’मध्ये शिरावं तर भर दुपारी लख्ख ऊन पडलेलं. शेजारच्या टेबलावर रेशमी साडी नेसलेल्या आजी पिझ्झा खातायत, सून मेनू वाचतेय आणि मुलगा आईच्या डोळ्यांदेखत अर्ध्या लिटरचा ग्लास तोंडाला लावतोय. आजी फक्त म्हणतात, “निधान, निधान.” म्हणजे सावकाश. पिऊ नको असं नाही, ठसका लागेल एवढंच. हे ऐकून माझ्यातला मराठी माणूस पहिल्यांदा हादरला, मग हळवा झाला आणि मग त्याला आपल्या आईचा चेहरा आठवून पुन्हा हादरला.

यात आपला दोष नाही. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याने परवाना काढायचा असतो. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, हजार रुपये भरले की जन्माची ददात मिटते. आणि हा परवाना कशासाठी, तर प्रकृती सांभाळण्यासाठी! म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर शनिवारी रात्री कोथरूडपासून कांदिवलीपर्यंत अवघा महाराष्ट्र औषध घेत असतो. आता औषध कुणी हसतखेळत, उन्हात बसून, आईशेजारी घेतं का? ते डोळे मिटून एका दमात घ्यायचं आणि वर तोंड पालटायला खारे शेंगदाणे. आपल्याकडे ‘स्ट्राँग’चा एवढा खप का, त्याचंही उत्तर यातच आहे. औषध जितकं जालीम तितका गुण लवकर.

बेंगळुरूला हे पथ्यपाणी माहीत नाही, कारण या शहराची आणि बिअरची ओळख छावणीत झाली. १८०९ साली इंग्रजांनी इथे कँटोन्मेंट वसवलं. गोरा सोल्जर आला की त्याच्यामागून चर्च येतं, क्रिकेट येतं आणि या दोन्हींच्या आधी बिअर येते. १९१५ साली थॉमस लीशमन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतल्या पाच लहान ब्रुअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज काढली. त्या काळी पिंपं बैलगाडीतून पोचवली जात. आज बिअरचा टेम्पो सिल्क बोर्डच्या चौकात अडकतो तेव्हा त्याचा वेग बरोबर त्या बैलगाडीएवढा असतो. वारसा जपणं म्हणतात ते हेच. १९४७ साली विठ्ठल मल्ल्या या कंपनीचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढच्या पिढीची हकिकत तुम्ही पेपरात वाचलीच आहे. २०२१पासून सूत्रं हॉलंडच्या हायनेकेनकडे आहेत. जुनी ब्रुअरी होती तिथे आता यूबी सिटी नावाचा चकचकीत मॉल उभा आहे. त्यातल्या पर्सांच्या किमती वाचल्या की गरगरतं, वेगळं काही प्यावं लागत नाही.

समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरची हवा, पेन्शनरांचं गाव आणि जोडीला विज्ञान संस्थांतली तरुण मंडळी. या मिश्रणातून १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिगेड रोड आणि चर्च स्ट्रीटच्या आसपास पब फुटू लागले. त्यातला ‘नासा’ आतून चक्क अंतराळयानासारखा होता. इस्रोचं मुख्यालय ज्या गावात, तिथल्या पोरांना अवकाशात जायला चर्च स्ट्रीट पुरत असे. ‘नासा’ बंद पडला. रेस्ट हाउस रोडवरचा ‘पेकोज’ १९८९पासूनचा. भिंतींवर रॉक गायक, स्पीकरवर तेच गायक, टेबलावर पिचर. तिथे जाऊन नवं गाणं लावायला सांगू नये.

मग आली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जिथे गाळायची तिथेच प्यायची. २०१०-११च्या सुमारास ‘टॉइट’ आणि लव्हेल रोडकडचा ‘बिअर क्लब’ सुरू झाले, २०१२मध्ये मॅग्रथ रोडला ‘आर्बर’ आला आणि मग असं झालं की दोन आयटी इंजिनियर एका जागी चार वर्षं टिकले तर त्यातला एक ब्रुअरी काढायच्या गोष्टी बोलू लागतो. (दुसरा सेंद्रिय शेतीच्या.) इथे आमचा पुणेकर मित्र हात वर करतो, कारण पुण्यात ‘डूलाली’ २००९ सालीच उघडली होती. तिचं नाव नाशिकजवळच्या देवळाली छावणीवरून. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई तिथे महिनोन्‌महिने पडून राहत आणि उन्हाने व कंटाळ्याने भ्रमिष्ट होत. पुणेकराचं म्हणणं असं, की आमच्याकडे बिअर आधी आली, आम्ही फक्त बोललो नाही. पुणेकर न बोलल्याचा हा एकमेव नोंदलेला प्रसंग.

‘आर्बर’ची गंमत सांगितलीच पाहिजे. इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, ही बिअर आपल्या देशाच्या नावाने जगभर विकली जाते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला येणाऱ्या जहाजांत महिनोन्‌महिने टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स सढळ हाताने घालत. हॉप्सचा कडूपणा बिअर नासू देत नाही. ती प्यायले साहेब. आपल्या लोकांनी बहुधा पिंपं उतरवली. पुढे अमेरिकनांनी हौसेने तिच्यात आणखी हॉप्स ओतले, मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावच्या ब्रुअरीची शाखा बेंगळुरूत आली आणि ‘रेजिंग एलिफंट’ या नावाने आयपीए अखेर इंडियाला पोचली. दोनशे वर्षं लागली. कुरिअरवाले याला ‘आउट फॉर डिलिव्हरी’ म्हणतात.

आता आमचे दाजी. कराडजवळ त्यांच्या अठरा म्हशी आहेत, दूध संघात वजन आहे आणि बिअर म्हटली की ‘कडक’ या एकाच गुणावर विश्वास आहे. डोळ्यांच्या तपासणीसाठी बेंगळुरूला आले, तपासणीत काही निघालं नाही, मग मी त्यांना एका मायक्रोब्रुअरीत नेलं. वेटरने पद्धतीप्रमाणे सँपलर आणला: लाकडी फळी, तिला खाचा, खाचांत चहाच्या कपाएवढे सहा ग्लास. पिवळ्यापासून काळ्यापर्यंत रंग ओळीने लावलेले. दाजींनी फळी दोन्ही बाजूंनी पाहिली.

“पाव्हणं, ही वानगी झाली. माल कवा येनार?”

वेटरने एकेका ग्लासावर बोट ठेवून माहिती सांगायला सुरुवात केली. दाजींनी त्याला थांबवून विचारलं, ह्यातली कडक कुठली? त्याने आयपीए दाखवली. दाजींनी घोट घेतला आणि त्यांच्या मिशा दोन्ही बाजूंनी वर गेल्या. “कडक म्हनलं हुतं, कडू न्हाई.” नंतर गव्हाची, जर्मन पद्धतीची हेफेवायझन. तिला पिकल्या केळ्याचा वास येतो. मी सांगितलं की त्यात केळं नाही, यीस्ट आंबवताना तो वास आपसूक तयार होतो. दाजी बराच वेळ ग्लासात पाहत राहिले. “केळं घालायचं न्हाई आन् वास द्यायचा. आमच्याकडं दुधाला आसं केलं तर भेसळ म्हनत्यात.” काळी स्टाउट त्यांनी लांबूनच हुंगली. करपवलेल्या माल्टची असते, मी म्हटलं. “करपलेली परत पाठवायची का?” बासमती घालून केलेली बिअर या शहरात मिळते हे ऐकून तर ते गप्पच झाले. भात फुकट गेला याचं शेतकऱ्याला दुःख होतं, ते पीत असतानाही.

आणि मग त्यांचं लक्ष काचेच्या भिंतीपलीकडे गेलं. तिथे स्टीलच्या उंच टाक्या होत्या आणि गमबूट घातलेला एक पोरगा टाकीच्या खालच्या दारातून फावड्याने वाफाळता चोथा ओढून काढत होता. सातूचा रस बिअरला गेला की हा ओला भुसा उरतो. दाजी ग्लास टाकून उठले. काचेला नाक लावून उभे राहिले. मॅनेजरला बोलावणं गेलं. हा चोथा कुठं जातो? गोठ्यांना. किलोला काय भाव? रोज किती निघतो? ओलाव्याने आंबत नाही का? दोन दिवसांत संपवावा लागत असणार! पुढचा पाऊण तास दाजी आणि मॅनेजर यांच्यात मोडक्या हिंदीतून असा तांत्रिक संवाद झाला की आसपासच्या टेबलांवरचे स्टार्टअपवाले वळून पाहू लागले. त्यांना वाटलं इथे फंडिंग चाललंय. निघताना दाजींनी चिमूटभर चोथा कागदात बांधून घेतला. बिअरबद्दल त्यांचं मत विचारलं तर म्हणाले, “माल म्हशीच्या वाट्याला चांगला येतोय.”

दाजींना जे सहज कळलं ते जगाला कळायला तयार नाही, की बिअर ही मुळात आंबवलेली सातू आहे. एवढ्या साध्या पदार्थाभोवती माणसाने केवढं सोवळं रचून ठेवलंय! बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघालं की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. जर्मन लोक अजून त्याचा अभिमान बाळगतात. त्या यादीत यीस्टचं नाव नाही. तेव्हा त्याचं खरं काम कुणाला ठाऊकच नव्हतं. म्हणजे जगातल्या सर्वांत कडक शुद्धीच्या नियमातून प्रत्यक्ष काम करणाराच सुटला होता. सरकारी आदेशात हे अजूनही होतं. शिवाय गव्हाला मनाई, पण राजघराण्याला तो घालून बिअर विकायची मुभा. नियम आणि सवलत जुळी भावंडं, सातासमुद्रापारही.

त्याच बव्हेरियातल्या म्युनिकमध्ये १८१० साली राजपुत्राच्या लग्नाचा सोहळा झाला, त्याचा ऑक्टोबरफेस्ट झाला आणि वऱ्हाड अजून उठलेलं नाही. बेल्जियममध्ये प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा ग्लास लागतो. दुसऱ्या ग्लासात ओतलेल्या बिअरकडे तिथे बाटल्यासारखं पाहतात. तिथल्या गेंट शहरात ‘डुले ग्रीट’ नावाचा बार आहे. त्याच्या खास बिअरचा ग्लास सव्वा लिटरच्या आसपासचा आणि इतका देखणा की गिऱ्हाइकं तो पळवत. म्हणून तिथे आधी पायातला एक बूट अनामत ठेवावा लागतो. तो टोपलीत घालून दोरीने छताला टांगतात. आपल्याकडे देवळाबाहेर दोन्ही जातात आणि पावतीही मिळत नाही. डब्लिनला गिनेस ओततात ती दोन टप्प्यांत, मध्ये थांबून. कंपनीच्या मते पूर्ण ओतायला ११९.५ सेकंद लागायला हवेत. त्या अर्ध्या सेकंदाचं मला फार कौतुक वाटतं.

पण मनाने आपली वाटते ती कोलोनची रीत. तिथली क्योल्श बिअर २०० मिलिलिटरच्या सडपातळ ग्लासातून येते. निळा ॲप्रन घातलेला वेटर गोल ट्रे घेऊन फिरत असतो. तुमचा ग्लास रिकामा दिसला की न विचारता भरलेला ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो. ‘पुरे’ म्हणून भागत नाही. पुठ्ठा उचलून ग्लासावर झाकायचा, तरच तो थांबतो. आपल्या पंगतीत जिलबीवाल्यासमोर पानावर दोन्ही हात आडवे धरतात, तस्संच. फरक इतकाच की आपल्याकडे हातांच्या फटीतूनही जिलबी पडते, जर्मन वाढपी पुठ्ठ्याचा मान राखतो.

बेंगळुरूत या सगळ्या रीती एकदम येऊन पोचल्या आहेत आणि त्यांच्यासोबत नवसोवळ्यांची एक पिढीही. हे लोक बिअर पीत नाहीत, तपासतात. ग्लास उजेडाकडे धरतात, हुंगतात, फेसाची उंची बोटाने मोजतात आणि मग डोळे मिटून सांगतात की शेवटी शेवटी ओल्या मातीचा आणि संत्र्याच्या सालीचा भास होतो. बर्फ मागितलात तर तुमच्याकडे सुतकातल्या माणसासारखं पाहतात. आमच्या कंपनीतल्या एकाने मोबाइलमध्ये प्यायलेल्या प्रत्येक बिअरला तारे देऊन ठेवलेत. बायकोच्या स्वयंपाकाला त्याने आजवर एकही तारा दिलेला नाही, त्याचं काय करायचं ते ती पाहील. माझं साधं मत असं की गार असावी, ताजी असावी आणि समोरच्याने तिच्याविषयी बोलू नये.

शहराची स्वतःची रीत मात्र कुठल्याच पुस्तकात नाही, कारण ती वाहतुकीतून जन्मली. संध्याकाळी साडेसहाला नकाशा उघडावा तर आउटर रिंग रोड लालभडक. तेव्हा कुणीतरी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारतो: एक घेऊ, तोवर ट्रॅफिक ओसरेल. ट्रॅफिक ओसरत नाही. ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ म्हणत चौघांच्या टेबलावर सात जण बसतात, त्यातल्या दोघांच्या नोकरीच्या मुलाखती तिथेच उरकतात, एकाची कंपनी बुडते, एक राजीनाम्याचा मेल लिहून ठेवतो आणि पाठवत नाही. व्हाइटफिल्डच्या ‘विंडमिल्स’मध्ये तर पुस्तकांची कपाटं आणि जॅझचं नाट्यगृह आहे, म्हणजे वाचायलाही निमित्त. पूर्वी साडेअकराला दिवे लागायचे, आता एकला लागतात. मग सगळे टॅक्सी शोधत फूटपाथवर उभे राहतात आणि ट्रॅफिक खरंच ओसरलेला असतो.

या सगळ्याचे मालक लोक मात्र भाड्याच्या विचाराने आधीच झिंगलेले असतात. आर्थर गिनेसने १७५९ साली डब्लिनची जागा ९,००० वर्षांच्या कराराने घेतली, वर्षाला ४५ पौंड भाड्याने. बेंगळुरूत घराचा करार ११ महिन्यांचा आणि अनामत दहा महिन्यांची मागतात. त्यात मराठी माणसाची एक खास ठसठस आहे. १६३८पासून हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. पुढे व्यंकोजीराजांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाख रुपयांना विकायचं ठरवलं. मध्ये मोगल घुसले, पण १६८७च्या सुमारास तेवढ्याच रकमेला ते वडियारांकडेच गेलं. तीन लाखांत आता इंदिरानगरात दोन खोल्यांची अनामतसुद्धा भागत नाही. दुसऱ्या ग्लासानंतर प्रत्येक मराठी टेबलावर हा विषय निघतोच, आणि ‘राजांनी थोडं थांबायला हवं होतं’ यावर एकमत होतं.

इथल्या लोकांचं एक मला मनापासून आवडतं. परक्याचं सोवळं त्यांनी घेतलं आणि लगेच त्याला आपला धान्याचा डबा दाखवला. नाचणीची बिअर निघते. उन्हाळ्यात आंब्याची येते, तेव्हा आमच्यातले रत्नागिरीवाले ग्लासात बोट बुडवून हापूस आहे की तोतापुरी याचा निवाडा करतात. १५१६चं ते फर्मान काढणाऱ्या ड्यूकला हे कळलं असतं तर त्याने इंदिरानगरवर स्वारी केली असती आणि डोमलूरच्या पुलाखाली अडकून पडला असता. २०२४च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या, टँकरवर भांडणं झाली. तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी सभेत विचारलं होतं की नळाला पाणी नाही, तर त्या लोकांच्या टाक्या कशा भरतात. प्रश्न रास्त होता. त्याच संध्याकाळी काका तिथे पाहणीला गेलेले दिसले.

शेवटी येणाऱ्यांसाठी चार गोष्टी. रविवारी साडेबाराच्या आत पोचा, एकनंतर नाव लिहून रस्त्यावर उभं राहावं लागतं. गाडी आणू नका. मेट्रोच्या पर्पल लाइनचं इंदिरानगर स्टेशन २०११पासून सुरू आहे आणि तिथून हंड्रेड फीट रोड चालत गाठता येतो, शिवाय परतताना पोलिसाच्या यंत्रात फुंकावं लागत नाही. आधी सँपलर मागवा, पण नाव न वाचता प्या आणि आवडेल ती सांगा; वेटर मनातून आशीर्वाद देईल. सोबतीला काँग्रेस कडलेकाई हवी असेल, तर ती व्ही. व्ही. पुरमच्या व्ही. बी. बेकरीत मिळते. मसाला लावलेले, दोन फाकी केलेले शेंगदाणे. १९६९ला काँग्रेस फुटली तेव्हा हे नाव पडलं असं सांगतात. ती घरी नेऊन खा. पबात बाहेरचं खाणं चालत नाही, आणि पिशवी दारावर उघडून बघतात.